मदतीला आलेल्यांचं कोण बघतं?

रत्नागिरी जिल्ह्याला गेल्या काही वर्षांत उसंत अशी मिळालीच नाही. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि भेंदवाडी वाहून गेली. ३ जून २०२०ला निसर्ग वादळाने मंडणगड-दापोलीतल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. मे २०२१मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, आणि दोन महिने होतात न होतात तोच, २२ जुलैला, वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्या चिपळूण शहरात शिरल्या. या सगळ्याच्या अध्येमध्ये कोरोना होताच. प्रत्येक वेळी माणसं धावून आली. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहून झालं, सत्कार झाले, शाली वाटून झाल्या. त्यात आणखी भर घालावी म्हणून ही पुस्तिका काढलेली नाही. शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसणाऱ्या, आलेल्या प्रत्येकाला ‘पोहता येतं का? जेवलात का? उतरलात कुठे?’ असं विचारणाऱ्या माणसासाठी ती आहे. त्याला कोणी शाल देत नाही. पुष्कळदा तो बसलेला असतो म्हणून लोक त्याच्यावर चिडलेलेच असतात.

संकटात स्वयंसेवक बोलवावे लागत नाहीत, ते येतातच. त्यांना सांभाळणारं माणूस, म्हणजे समन्वयक, मात्र आपोआप येत नाही. ते आधीच्या उन्हाळ्यात तयार करून ठेवावं लागतं. या पुस्तिकेचं म्हणणं एवढंच, आणि ते आपल्याकडे अजून नीटसं कुणाच्या गळी उतरलेलं नाही.

चिपळूणचंच पाहा. २२ जुलैला पाणी बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. वीज गेली, मोबाइल बंद पडले. एसटीचे आगारव्यवस्थापक आगाराची लाखोंची रोकड वाचवत बसच्या टपावर तासन्‌तास बसून राहिले, ही बातमी तेव्हा सगळीकडे गाजली. कर्तव्यनिष्ठेची गोष्ट म्हणून ती सांगितली गेली आणि ती तशी आहेच. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्यांनी हुकूम द्यायचे, माणसं हलवायची, गाड्या सोडायच्या, ती सगळी यंत्रणाच त्या दिवशी टपावर, गच्चीवर नाहीतर दुसऱ्या मजल्यावर अडकली होती. आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात प्रत्येक चौकटीत एक पदनाम असतं. त्या पदनामाचा माणूसच पाण्यात असला तर काय करायचं, हे त्या चौकटीत लिहिलेलं नसतं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ पुण्याजवळ. मध्ये घाट. जुलैत दरडी कोसळून घाट बंद पडणं आपल्याला नवीन नाही. म्हणजे पहिला दिवस हा चिपळुणातल्याच पेठमाप, मुरादपूर, शंकरवाडी, खेंड इथल्या माणसांनीच निभावायचा असतो. त्यात होडी असलेला, दोर असलेला, पोहणारा असा जो असेल तो स्वयंसेवक. त्याचं स्वतःचं घरही त्याच पाण्यात.

ही बाब कागदावर फारशी येत नाही. बाहेरून येणारा स्वयंसेवक रात्री कोरड्या अंथरुणात झोपायला परत जातो. गावातला स्वयंसेवक दिवसभर दुसऱ्याच्या घरातला गाळ उपसतो आणि संध्याकाळी स्वतःच्या घरातल्या गाळासमोर उभा राहतो. दोघांना एकाच यादीत घालून सारखी पाळी लावणं हा अन्याय आहे. समन्वयकाने पहिल्याच दिवशी विचारायला हवं, ‘तुझ्या घरी किती पाणी होतं?’ उत्तर छातीपर्यंत असं आलं, तर आधी चार माणसं त्याच्या घरी पाठवायची आणि मग त्याला कामाला घ्यायचं. वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात तो मुलगा ‘नको, आधी त्यांचं बघू’ असं म्हणतो, आपणही कौतुकाने मान डोलावतो, आणि सातव्या दिवशी तो अचानक यायचा बंद होतो.

अमेरिकेत चार्ल्स फ्रिट्झ आणि मॅथ्यूसन या दोन अभ्यासकांनी १९५७ साली एक निरीक्षण मांडलं होतं. आपत्ती आली की तिच्या जागेकडे तीन गोष्टींचा लोंढा सुरू होतो : माणसं, निरोप आणि सामान. यातला कुठला लोंढा कमी पडेल याची फार चिंता करायला नको, चिंता तो आवरायची असते. आपल्याकडच्या कुठल्याही पुरानंतर हे डोळ्यांनी दिसतं. सामानाचं म्हणाल तर जुन्या कपड्यांचे ढीग आणि बिस्किटांचे पुडे. किल्लारीच्या भूकंपापासून हे चालू आहे, अजून कोणी शहाणं झालेलं नाही. निरोपांचं म्हणाल तर ‘अमुक आळीत पन्नास माणसं उपाशी आहेत’ हा व्हॉट्‌सअ‍ॅपवरचा संदेश ती पन्नास माणसं जेवून, आवरून नातेवाइकांकडे गेल्यावरही चार दिवस फिरत राहतो आणि त्याच्यामागे टेम्पो फिरत राहतात. यावर उपाय साधा आहे. संदेशावर तारीख आणि वेळ घालायची, आणि गरज भागली की त्याच गटात ‘भागली’ असं लिहायचं. पण हे करायला एक माणूस फोन घेऊन नुसता बसलेला लागतो. आणि नुसतं बसलेलं माणूस संकटात कुणालाच बघवत नाही.

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. आपल्याकडे पुढारीपणाची परीक्षा चिखलात उतरण्यावर होते. जो पहिला फावडं घेतो तो आपला. टेबलाशी बसणारा तो साहेब. हा संस्कार वाईट नाही. बिनकामाचे मिरवणारे त्यानेच उघडे पडतात. पण समन्वयकाने फावडं हातात घेतलं की पाच मिनिटांत त्याला त्या एका घरापलीकडचं दिसेनासं होतं. तिकडे नाईक कंपनी पुलाशी कोल्हापूरहून आलेला तरुणांचा गट ‘आम्ही काय करू’ म्हणत उभा असतो, आणि अर्ध्या तासाने समोर दिसेल त्या घरात शिरतो. ते घर आधीच दोनदा साफ झालेलं असतं. दोन गल्ल्या सोडून एका म्हाताऱ्या बाईच्या दारात कोणी फिरकलेलंही नसतं. पुस्तिकेतला ‘फावडं खाली ठेवा’ हा भाग काही जणांना उद्धट वाटेल. वाटू दे. फार तर पहिला तास सगळ्यांबरोबर उतरावं, लोकांना दिसावं, आणि मग हात धुऊन वहीशी यावं.

वही म्हणजे दोनशे पानी, रेघांची, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली. तिच्यात डावीकडून रकाने असे : नाव, गाव, मोबाइल, घरच्या माणसाचा मोबाइल, रक्तगट, काय येतं (पोहणं, वायरिंग, गाडी, स्वयंपाक, नुसतं ऐकणं), कुठे पाठवलं, किती वाजता गेला, किती वाजता परत आला. पहिले आठ रकाने सगळीकडे भरलेले सापडतात. नववा रिकामा असतो. तो रिकामा राहिला की काय होतं हे ज्याने रात्री साडेनऊला पावसात एखाद्या मुलाच्या आईचा फोन घेतला असेल त्याला विचारा. पोरगा सुखरूप मित्राकडे जेवत बसलेला असतो, पण ते कळेपर्यंत केंद्रातली दहा माणसं विजेऱ्या घेऊन बाहेर पडलेली असतात. नवव्या रकान्यासाठी या पुस्तिकेत एक स्वतंत्र प्रकरण आहे. तेवढं एक वाचलं तरी पुस्तिकेचे पैसे वसूल.

अंगाची काळजी हा विषय लेखकांनी नेमका लिहिला आहे, त्यात मी फार भर घालत नाही. कोकणात पुरानंतर लेप्टो येतो हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. तरी चिखलात अनवाणी उतरण्यात आपल्याला काहीतरी शौर्य वाटतं. गमबूट, हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि डॉक्टरांना विचारून आठवड्याला डॉक्सीसायक्लिन, यांतलं काही ज्याच्याकडे नसेल त्याला गाळात उतरवू नये. जिवाला लागेल असं बोलला तरी उतरवू नये. त्याला शिधावाटपावर बसवावं. आणि बायका-मुली कामाला येणार असतील तर त्यांच्यासाठी स्वच्छ संडास कुठे आहे, हे त्यांना विचारावं लागण्याआधी सांगता आलं पाहिजे. ज्या केंद्राला हे जमत नाही, तिथे मुली दिवसभर पाणी न पिता राबतात.

मनाच्या काळजीबद्दल मात्र बोलावं लागेल. २८ जुलै २०१८ला दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात कोसळली. तीस माणसं गेली, एक वाचला. भर पावसात, धुक्यात, शेकडो फूट खोल दरीतून मृतदेह वर काढायला महाबळेश्वर, पोलादपूर, महाड भागातले ट्रेकर दोर लावून उतरले. ते काम दुसऱ्या दिवसापर्यंत चाललं होतं. ही मुलं कोणाची नोकर नव्हती. पुढच्या वर्षी तिवऱ्याला धरण फुटल्यावर नदीकाठाने मैलोन्‌मैल शोध घेणाऱ्यांत गावातली, शेजारच्या गावांतली माणसं होती, आणि ज्यांना शोधायचं त्यांच्यातले कित्येक ओळखीचे होते. आपल्याला त्यांचा फोटो आठवतो. त्यानंतरच्या महिन्यात ती झोपली का, जेवली का, घरी कोणावर विनाकारण ओरडली का, हे कोणी विचारलं? आपल्याकडे यावर ‘मन घट्ट करायचं’ एवढंच औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचारावर एक छोटं पुस्तक काढलं. त्याचा सारांश तीन क्रियापदांत मावतो : बघा, ऐका, जोडून द्या. ते संकटग्रस्तांसाठी लिहिलं आहे, पण मदत करणाऱ्यांची काळजी कशी घ्यावी हेही त्यात आहे. समन्वयकाला मानसोपचारतज्ज्ञ व्हायचं नाही. ज्याने आज मृतदेह उचलला त्याला उद्या त्याच कामावर पाठवायचं नाही, संध्याकाळी घरी सोडायच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांनी चहा घेत बसायचं, आणि कोणी गप्प झाला असेल तर दोन दिवसांनी त्याच्या घरी सहज म्हणून जायचं. एवढं आपल्याला जमतं. गणपतीत आपण घरोघर फिरतोच की.

स्वयंसेवकांना असं सांभाळण्यात नवीन काही नाही असं म्हणणारे भेटतात. त्यांचं खरं आहे, फक्त ते समजतात त्याहून जास्त खरं आहे. याच जिल्ह्यातल्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले. १८९७च्या प्लेगमध्ये सोजिरांनी घरांत शिरून केलेल्या तपासण्यांनी पुणं होरपळलं होतं. पुढे प्लेग पुन्हा उसळला तेव्हा गोखले स्वतः स्वयंसेवकांत उतरले. घराच्या दाराशी बंदूकवाला उभा राहणं आणि ओळखीचा माणूस उभा राहणं यांतलं अंतर त्यांनी जवळून पाहिलं होतं. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज काढला आणि त्याच्या सभासदाला पाच वर्षांचं शिक्षण सक्तीचं केलं. सेवेची तळमळ असणं ही त्यांच्या लेखी पात्रता होती, तयारी नव्हे. त्यांच्याच समाजातले ना. म. जोशी यांनी १९११ला मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभी केली. अलीकडच्या काळात केंद्र सरकारच्या ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकाला बारा दिवसांचं प्रशिक्षण मिळू लागलं. २०१६ला देशातल्या तीस पूरप्रवण जिल्ह्यांत, प्रत्येकी दोनशे अशा हिशेबाने ती सुरू झाली, पुढे साडेतीनशे जिल्हे आणि एक लाख स्वयंसेवक असा तिचा पसारा ठरला. पाच वर्षांच्या जागी बारा दिवस, असं म्हणून मी हिणवणार नाही. बारा दिवस पुष्कळ आहेत. पण ते प्रशिक्षण बहुतांशी दोर, प्रथमोपचार, पाण्यातून माणूस काढणं याचं आहे. बारा दिवस शिकलेल्या माणसाच्या हाताखाली न शिकलेली साठ माणसं आली तर त्यांचं काय करायचं, ती विद्या वेगळी आहे.

जपानने ती धडा घेऊन शिकून घेतली. १७ जानेवारी १९९५ला कोबेला भूकंप झाला आणि तिथे वर्षभरात दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक आले. पहिल्या दिवसांत त्यांचं काय करावं हे कोणालाच कळेना. त्यानंतर तिथे मोठ्या आपत्तीत स्थानिक समाजकल्याण मंडळाने स्वयंसेवक केंद्र उघडायचं, तिथे नोंद झाल्याशिवाय कामाला लागायचं नाही, अशी पद्धत रुजत गेली. आपल्याला हे असंच्या असं उचलता येणार नाही, उचलूही नये. आपल्याकडे नोंदणीची खिडकी म्हटली की रांग आली, शिक्का आला, ‘साहेब जेवायला गेलेत’ आलं.

शिवाय आपल्याकडे एक चौकट आधीच उभी आहे आणि तिच्याकडे बाहेरचे तज्ज्ञ बघतच नाहीत. कोकणातली वाडी. शिमग्याला पालखी कुठल्या घरी कधी जाणार, खांदा कोण देणार, दमला की बदली कोण, रात्रीचा मुक्काम कुठे, जेवणाचा खर्च कोणाकडे, हे सगळं ज्या गावकर-मानकऱ्यांच्या तोंडपाठ असतं त्यांच्याकडे घरटी यादी तयार असते. मुंबईत त्याच वाडीचं मंडळ असतं. ते एका दिवसात पैसे आणि गाडी उभी करू शकतं. निसर्ग वादळानंतर टाळेबंदीमुळे बाहेरची माणसं दापोली-मंडणगडात सहज पोचू शकत नव्हती. कौलं आणि पत्रे उडालेल्या घरांवर ताडपत्री ओढायची कामं झाली ती वाडीच्या जोरावर. कोरोनातली ग्राम कृती दलं उभी राहिली तीही याच पायावर, आणि चाकरमान्याला गावात घ्यायचं की शाळेत चौदा दिवस ठेवायचं यावरून झालेली भांडणंही याच पायावरची. वाडी जोडते तशी तोडतेही, हे विसरून चालणार नाही.

ती तोडते ते असं. मदत डांबरी रस्त्याने जाते. २२ जुलै २०२१ला सगळ्यांच्या नजरा चिपळूणच्या बाजारपेठेकडे असताना त्याच पावसात खेड तालुक्यातल्या पोसरे बौद्धवाडीवर दरड कोसळली होती. महाडचं तळीये तेवढं सगळ्यांना आठवतं, पोसरे किती जणांना आठवतं? रस्त्यापासून लांबची वाडी, मानकऱ्यांच्या यादीत शेवटी येणारी घरं, लोट्याच्या कारखान्यांत राबणारे परप्रांतीय भाडेकरू ज्यांचं नाव कुठल्याच यादीत नाही, हे सगळे मदतीतून सुटतात. समन्वयकाने रोज संध्याकाळी एक प्रश्न विचारायचा : आज आपण कुठे गेलो नाही? स्वयंसेवकांना हा प्रश्न आवडत नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाला काय राहिलं ते विचारणं जिवावर येतं. तरी विचारायचा.

एक टोचणारी गोष्टही सांगून ठेवतो. सरकारी भाषेत आशाताई ‘स्वयंसेविका’ आहेत. पगार नाही, कामाप्रमाणे मोबदला. कोरोनात दारोदार फिरून ताप मोजणाऱ्या या बायकांना जून २०२१मध्ये महाराष्ट्रभर संपावर जावं लागलं. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला. स्वयंसेवक या शब्दाआड स्वस्त मजूर लपवता येतो, हे समन्वयकाने ध्यानात ठेवावं. ज्याची रोजंदारी बुडते त्याला ‘सेवा’ म्हणून तिसऱ्या दिवशी बोलावताना निदान पेट्रोल, जेवण आणि बुडालेली रोजी यांचा विषय आपणहून काढावा. संकोच त्याला असतो, आपल्याला नसावा.

आणि संकट संपतं कधी? बाहेरचे टेम्पो दोन आठवड्यांत जातात. चिपळूणच्या माणसांनी २०२१च्या पुरानंतर चिपळूण बचाव समिती उभी केली आणि नदीतला गाळ काढा म्हणून ती त्याच वर्षी डिसेंबरात साखळी उपोषणाला बसली. पुढे नाम फाउंडेशनची यंत्रंही वाशिष्ठी-शिवच्या पात्रात उतरली. गाळ घरातून काढणं हे एका आठवड्याचं काम, नदीतून काढायला लावणं हे वर्षांचं. पहिल्याला शेकडो हात मिळतात. दुसऱ्याला तेच दहा-बारा जण, अर्ज टाइप करणारे, बैठकीला वेळेवर येणारे, अधिकाऱ्याची बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून सांगणारे. यांनाही स्वयंसेवकच म्हणायचं, आणि यांचंही कोणीतरी बघायचं. लेखकांनी यांच्यावर फक्त दोन पानं दिली आहेत. पुढच्या आवृत्तीत वाढवा असं मी त्यांना सांगितलं आहे.

घरात शिरलेल्या स्वयंसेवकाने काय फेकावं, या प्रकरणाकडे मात्र मुद्दाम लक्ष वेधतो. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही ते पाणी शिरलं होतं आणि पुस्तकांची मोठी हानी झाली. भिजलेलं पुस्तक आणि रद्दी गाळात सारखीच दिसतात. वाणीआळीतल्या घरातही तसंच. बाहेरून आलेला उत्साही तरुण चिखलाने माखलेलं एक गाठोडं उचलतो आणि ट्रॉलीत टाकतो. त्यात सातबाराचे उतारे असतात, किंवा गेलेल्या सासऱ्यांचा एकुलता एक फोटो. घरातली बाई त्या क्षणी काही बोलत नाही, कारण मदतीला आलेल्याला कसं बोलायचं. म्हणून नियम असा : घरातलं एक माणूस दारात खुर्ची टाकून बसेल, प्रत्येक वस्तू त्याच्यासमोरून जाईल, तो मान हलवेल तेव्हाच ती ट्रॉलीत पडेल. यात वेळ दुप्पट लागतो. लागू दे.

पुस्तिका वापरायची कशी, तेवढं सांगून थांबतो. ती मे महिन्यात वाचायची, जुलैत उघडायची नाही. जुलैत वेळही नसतो आणि चष्माही सापडत नाही. गावातल्या दोघांनी मिळून वाचावी, म्हणजे एक अडकला तरी दुसरा असतो, आणि त्या दोघांची घरं एकाच आळीत नसावीत. शेवटी कोऱ्या तक्त्यांची पानं आहेत : होडी कोणाकडे, झाड कापायचं मशीन कोणाकडे, जनरेटर कोणाचा, उंचावरची शाळा कुठली आणि तिची किल्ली कोणाकडे असते. ती पेन्सिलने भरा. माणसं गाव सोडतात, होड्या विकल्या जातात, शिपाई निवृत्त होतो. किल्लीवाल्याला मात्र मेअखेर एकदा प्रत्यक्ष भेटून, कुलूप उघडून बघा. आमच्या भागात कुलपं गंजतात.